रंगगप्पा : किनारा फिरून आलो, वही मात्र कोरीच

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बऱ्याच पत्रांचं रडगाणं एकच आहे, 'ताई, सुचत नाही'. कुणी फिरून आलंय तरी सुचत नाही, कुणाला फिरायलाच मिळत नाही म्हणून सुचत नाही आणि एकीला तर मैत्रिणीमुळे सुचेनासं झालंय. म्हणून कागद कुठला, ब्रश कुठला हे नेहमीचे प्रश्न या महिन्यात मागे ठेवलेत. एक घेतलाय, कारण पाऊस लागलाय आणि त्या बाईंचा जीव खरंच मेटाकुटीला आलाय.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी ठाण्याला आयटीत आहे, मूळ गाव दापोलीजवळ. सुट्टीच्या दिवशी वॉटरकलर करतो. दिवाळीत मुद्दाम अलिबागपासून मालवणपर्यंत सगळा किनारा गाडीने केला, स्केचबुक, नवे ब्रश, सगळा जामानिमा घेऊन. किल्ले बघितले, बीच बघितले, ढिगाने फोटो काढले. घरी येऊन चित्रं काढायला बसलो तर सगळी कॅलेंडरवरची वाटतात, माड, समुद्र, सूर्यास्त आणि एक होडी. त्यात माझं असं काहीच नाही. प्रवासात प्रेरणा मिळते म्हणतात ती नक्की कुठे मिळते?
– एक चाकरमानी, ठाणे

उत्तर : माझं सरळ मत सांगते, राग मानू नका. कोकणातल्या चित्रांचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे सूर्यास्त. तो दिसला की माणसाला वाटतं आता काही करायला नको, समोर आयतं चित्र आहे, आणि तिथे उभे असलेले सगळेच तेवढंच घेऊन घरी जातात. त्याच वेळी पाठ फिरवून बघितलंत तर किनाऱ्यावर कुणीतरी काहीतरी काम करत असतं, जाळं झाडत असतं, इंजिनात डोकं घालून बसलेलं असतं, मासळी निवडत असतं. तुमच्या फोटोंमध्ये ही माणसं आहेत का बघा. असली तरी कोपऱ्यात आली असतील, चुकून.

तुमचं गाव दापोलीजवळ, म्हणजे हर्णै अगदी हाकेच्या अंतरावर. पुढच्या वेळी अख्खा किनारा राहू दे, फक्त हर्णैच्या बंदरात संध्याकाळच्या लिलावाला जा आणि लिलाव संपेपर्यंत तिथेच बसा. होड्या येतात, बैलगाड्या पाण्यात शिरतात, बर्फ, टोपल्या, आरडाओरडा, भाव बोलणाऱ्या बायका, पायाखाली चिखल. सुरवातीला तुमच्या हातून एक रेघ धड येणार नाही कारण सगळंच हलतंय. पण थोडा वेळ गेला की दिसायला लागतं की हे हलणं ठरलेलं आहे, टोपली उचलणारी बाई दर वेळी त्याच जागी वाकते, दोर ओढणारा दर वेळी तोच पाय पुढे टाकतो, म्हणजे तुमच्या हातून निसटलेली पोझ दोन मिनिटात परत येते. म्हणून एका पानावर चार-पाच आकृत्या अर्धवट सुरू ठेवायच्या आणि जी पोझ परत येईल त्या आकृतीत दोन रेघा वाढवायच्या. कुठलीच आकृती पूर्ण होत नाही, होऊ नयेच. पण घरी आल्यावर ते पान उघडलंत की त्यात एक बाई असेल जिचा खांदा फक्त तुम्हीच बघितलाय.

आधी विचारा मात्र. फोन समोर धरणाऱ्यांना तिथली मंडळी वैतागलेली असतात. चित्र काढणाऱ्याचं वेगळं, त्याच्या मागे येऊन उभे राहतात आणि 'तिचं नाक असं नाही हां' असं सांगून जातात, आणि शक्यतो ते बरोबर असतं.

गाडीनेच फिरायची हौस असेल तर हायवे सोडा आणि खाड्या बोटीने ओलांडा. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, या सगळीकडे गाड्या घेणारी फेरीबोट आहे, आपल्याकडे तिला जंगलजेटी म्हणतात. बोटीत चढलं की पलीकडे पोचेपर्यंत कुणालाच काही करता येत नाही, मोटारसायकलवाला सीटवर आडवा होतो, मासे विकून परत निघालेल्या बायका टोपल्या पालथ्या घालून त्यावर बसतात, शाळेची पोरं कठड्याला लोंबकळतात. माणसं इतकी निवांत आणि इतकी जवळ दुसरीकडे मिळणार नाहीत. वेळही मोजकाच असतो त्यामुळे उगाच नटवेगिरी करायला सवड मिळत नाही. फोटो काढू नका असं मी म्हणत नाही, पण फोटोच्या जोडीला रंग शब्दांत लिहून ठेवा, 'खाडीचं पाणी मातकट हिरवं, मधे एक पांढरट पट्टा, समोरचा डोंगर त्याहून फिका' असं. मोबाईल या तिन्हीला एकच निळा फासतो.

आणि पावसाळ्यात या की! १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून शाकारून ठेवलेल्या असतात, जाळी विणायचं, डागडुजीचं काम चालतं, म्हणजे सगळा विषय हलायचा थांबून तुमच्यासमोर बसलेला. टुरिस्टही कमी. तुमच्यासारख्या सुट्टीच्या दिवशी काढणाऱ्याला याहून सोयीचा सीझन नाही, पण नेमका तेव्हाच कुणी फिरकत नाही.

प्रश्न : ताई, मला मालवणजवळ एका गावात दिलंय. लग्नाआधी एटीडी (चित्रकला शिक्षकाचा डिप्लोमा) केलेलं. आता घर, दोन मुलं, गुरं, सासूबाई. फिरणं म्हणजे आठवडा बाजार आणि माहेर. बाकीचे लोक कुठे कुठे जाऊन चित्रं काढतात ते बघून वाईट वाटतं. परवा दुपारी आडाळो, म्हणजे विळी, काढत बसले होते तर सासूबाई म्हणाल्या, "ह्यां काय काढतंस गो, तो आडाळो काय पळान जातलो?" हसू आलं पण मग वाटलं खरंच, घरातल्याच वस्तू काढून काढून किती काढणार?
– माडाखालची, तालुका मालवण

उत्तर : सासूबाईंना माझा नमस्कार सांग. पळून जात नाही हाच तर त्याचा मोठा गुण आहे! ठाण्याचे आपले चाकरमानी हलणाऱ्या माणसांमागे वही घेऊन धावणार आहेत, तुझं मॉडेल रोज त्याच जागी बसलेलं आहे.

पण तुझा प्रश्न खरा आहे. वस्तू नुसती वस्तू म्हणून काढली की कंटाळा येतो, कारण आपण एटीडीला शिकलेला स्टिल लाइफ काढत असतो, तांब्या, दोन लिंबं आणि घडी घातलेला पडदा. तो काढूच नकोस. त्या आडाळ्याचं पातं बघ, इतकी वर्षं धार लावून लावून मधे झिजलंय का, खोबरं किसायचं टोक बोथट झालंय का, पाटावर पाय दाबून धरतात तिथलं लाकूड काळंभोर आणि गुळगुळीत झालंय का. ती झीज काढ. सासूबाई उजवा पाय ठेवतात की डावा ते पाटावरून कळलं पाहिजे. मग ते आडाळ्याचं चित्र राहात नाही, त्यात माणूस येतो, काढलेला नसला तरी.

पाटा-वरवंटा असेल तर तोही असाच. पाटा मधे खोलगट होतो, टाकी लावून घेतल्यावर नवे ठिपके उमटतात आणि वाटून वाटून ते परत पुसट होतात, म्हणजे घरात किती वाटण झालं त्याचा हिशोबच तिथे लिहिलेला असतो. काढताना पेन्सिल बोथट घे, टोकदार पेन्सिलने दगड काढला की थर्माकोल दिसतो. रोवळी घेतलीस तर रोवळी काढू नकोस, सकाळच्या उन्हात तिची जमिनीवर पडलेली सावली काढ, विणीतल्या फटी आधी आणि बांबू नंतर. तेवढ्याने आठवडाभराची सोय झाली.

वेळ मिळत नाही हे तू लिहिलं नाहीस पण दोन मुलं आणि गुरं म्हटल्यावर मला कळतं. कुकर लावलास की वही घ्यायची आणि तीन शिट्ट्यांत होईल तेवढंच काढायचं, तिसरी झाली की गॅस बंद, वही बंद. अर्धं राहिलं तर राहिलं, दुसऱ्या दिवशी त्याच पानावर पुढे चालू.

घरात बसून काय होतं असं वाटलं की करमरकरांची आठवण काढ. शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर (१८९१–१९६७) अलिबागजवळच्या सासवण्याचे. पोरवयात गावच्या देवळाच्या भिंतीवर त्यांनी काढलेलं शिवाजी महाराजांचं चित्र ऑटो रॉथफिल्ड या इंग्रज कलेक्टरने बघितलं आणि त्याच्यामुळे ते मुंबईला जे. जे. स्कूलमध्ये पोचले. पुढे पुण्यातला १९२८ सालचा महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांनीच केला. एवढी मोठमोठी कामं केलेला माणूस, पण सासवण्याच्या त्यांच्या घरी जा, आता तिथे म्युझियम आहे, तिथे तुला घरचीच माणसं, कोळीण, कुत्रा असले विषय दिसतील, आणि बाहेर सिमेंटची म्हैस बसलीय ती इतकी म्हैस आहे की लोक जवळ जाऊन हात लावून बघतात. तुझ्या गोठ्यात तर जिवंत आहे.

एक सुचवू? चतुर्थीला तुमच्याकडे गणपतीच्या मागची भिंत रंगवतात ना? वाडीतली पोरं येऊन धबधबा, मोर, हिमालय काढून जातात (मालवणात हिमालय का, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही). यंदा ती भिंत तू माग. वर माटवीला (गणपतीच्या डोक्यावर टांगलेल्या चौकटीला) कांगलं, हरणं, कवंडाळ, नारळ, सुपारी असं सगळं आपल्याच रानातलं टांगतात, मग मागची भिंतही आपल्याच घरातली असू दे, पाटा, रोवळी, सूप, आडाळो. काव (तांबडी माती) आणि चुना, दोनच रंग वापर. तुमच्या भागातल्या जुन्या देवळांतून कावी काम बघायला मिळतं, चुन्याचा थर खाली, त्यावर लाल काव, ती ओली असताना टोकदार हत्याराने खरवडून काढलेलं नक्षीकाम. तू खरवडत बसू नकोस, चतुर्थीच्या तोंडावर घरात कुणी एवढा वेळ देणार नाही, पण दोन रंगांत किती होतं ते बघून ये. आणि मधोमध सासूबाईंना बसव. मग बघू काय म्हणतात.

प्रश्न : मी फाइन आर्टच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मी आणि माझी रूममेट पहिल्या दिवसापासून एकत्र स्केचिंगला जातो, आमचं खूप जमतं. पण आता असं व्हायला लागलंय की मी काहीतरी सुचलं म्हणून तिला सांगते आणि पंधरा दिवसांनी तेच तिच्या असाइनमेंटमध्ये दिसतं. सर तिचं कौतुक करतात. मी आता तिला काही सांगतच नाही, आणि मजा म्हणजे तेव्हापासून मलाही काही सुचत नाहीये. मैत्री तोडू का?
– गप्प झालेली, तालुका चिपळूण

उत्तर : शेवटून दुसरं वाक्य तू स्वतःच लिहिलंयस, ते परत वाच. सांगणं बंद केलंस आणि सुचणंही बंद झालं.

तू सिंधुदुर्गात रात्रभराचा दशावतार बघितलायस का? नसशील तर यंदा जत्रा सुरू झाल्या की जा, आणि नाटकाआधी जमलं तर रंगपटात डोकाव, नट आपापला चेहरा आपणच रंगवत बसलेले असतात. त्या नाटकाला लिहिलेली संवादांची संहिता नसते. आख्यान ठरलेलं, कोण कोण येणार ते ठरलेलं, बाकी बोलणं रंगमंचावर जागच्या जागी. समोरचा राक्षस काय बोलेल त्यावर राजाचं वाक्य ठरतं. समोरचा कच्चा असला तर चांगला राजाही पडतो. तिथे कुणी म्हणत नाही की माझं वाक्य त्याने घेतलं, उलट घेतलं नाही तर नाटकच थांबेल. तुम्हा दोघींत आत्तापर्यंत हेच चाललं होतं, फक्त टाळ्या एकीलाच मिळाल्या म्हणून बिनसलंय.

म्हणजे तिचं बरोबर आहे असं नाही. तू सांगितलेलं तिने जसंच्या तसं काढलं असेल तर ती आळशी आहे, आणि ते तिला तोंडावर सांग, सरांना नको. 'हे मी तुला नदीवर बसून सांगितलेलं, तू त्यात तुझं काय घातलंस?' एवढंच विचार. उत्तर आलं तर मैत्री चालू ठेव, नाही आलं तर स्केचिंगला बरोबर जा पण सुचलेलं आधी कागदावर उतरवून मग सांग.

मित्र म्हणजे एकसारखं काढणारे, असा जो समज आहे ना, तो मला पटत नाही. १९४७ साली मुंबईत कलावंतांचा प्रोग्रेसिव्ह ग्रुप निघाला, सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे. यातल्या कुठल्याही दोघांची कामं शेजारी लाव, एका ग्रुपची वाटणार नाहीत. सूझा गोव्याचे, बाकरे तर मुळात शिल्पकार. थोड्याच वर्षांत कुणी लंडनला, कुणी पॅरिसला गेलं, ग्रुप विरला, पण सुरवातीला एकमेकांच्या कामावर तुटून पडणारी माणसं त्यांना मिळाली. यातले सदानंद बाकरे लंडनहून परतल्यावर आपल्या मुरूड-हर्णैला येऊन राहिले आणि २००७ साली तिथेच गेले. चिपळूणपासून मुरूड काही लांब नाही, आणि दापोली तालुक्यातल्या कितीजणांना हे माहीत आहे हा प्रश्न मी मुद्दाम विचारत नाही.

दुसरं म्हणजे फक्त चित्र काढणाऱ्यांशीच मैत्री करू नकोस. गणपतीच्या शाळेत (मूर्ती घडवतात त्या जागी) मातीकाम करणारा, बुरूड, होडी बांधणारा सुतार, यांच्याकडे जाऊन बस. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी आहे, एकेक चित्र उभं धरून त्याची कथा गाऊन सांगायची, म्हणजे चित्र, गाणं, वाजवणं सगळं एकाच घरात. तिथल्या परशुराम गंगावणे यांनी गुरांच्या गोठ्यातच म्युझियम केलं, त्यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. कळसूत्री बाहुल्याही बघायला मिळतात. रूममेटला घेऊनच जा. गाणाऱ्या माणसाला तुझ्या असाइनमेंटशी काही देणंघेणं नसतं, तो भलतंच काहीतरी विचारतो, 'ह्या चित्रात आवाज कुठे आहे?' असलं, आणि त्यावर विचार करताना डोकं आपोआप चालायला लागतं.

प्रश्न : जुलै महिना, गुहागर. वॉश दिला की दुपारपर्यंत वाळत नाही, कागदावर ठिपके पडतायत, रंगाच्या वड्यांवर बुरशी. काय करू? आणि अंगणातल्या लाल मातीचा रंग करता येतो का?
– ओली चिंब

उत्तर : कागद आधी वाचवा. हवेतल्या दमटपणाने कागदाचं सायझिंग (रंग चटकन शोषू नये म्हणून दिलेला लेप) बिघडतं, मग रंग टिपकागदावर पडल्यासारखा शोषला जातो आणि बुरशीचे ठिपके येतात, ते परत जात नाहीत. लागेल तेवढा कागद बाहेर, बाकी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून. वड्या वापरल्यावर पूर्ण सुकवूनच पेटी मिटायची. वॉशला पाणी निम्म्यावर आणा. हेअर ड्रायर चालतो पण तुमच्याकडे लाईट असेल तेव्हा ना! त्यापेक्षा पावसाळाभर ओल्यावर ओलं असंच काम करा, ढग, धुकं, भिजलेला गडगा, कडा धूसर झालेल्या चालतील असेच विषय.

मातीचा रंग होतो, आणि फार सुंदर होतो. लाल रंग लोहाचा आहे, त्यामुळे उन्हाने उडत नाही. माती वाळवून कुटायची, भरपूर पाण्यात ढवळायची, जाड वाळू खाली बसली की वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतायचं, हे दोन-तीनदा करून शेवटी बसलेला गाळ सुकवायचा. त्यात बाभळीच्या डिंकाचं पाणी, थोडा मध, लवंगेच्या तेलाचा थेंब, आणि काचेवर घोटत राहायचं. हात दुखला की अजून थोडं घोटायचं. कोकमाने किंवा जास्वंदीने रंगवायचा मोह होईल, पहिल्या दिवशी दिसतंही छान, पण ते रंग उन्हात टिकत नाहीत, विकायच्या चित्रात वापरू नका.

प्रश्न : इन्स्टावरचे फोटो बघून चित्रं काढली तर चालतं का?
– एक विद्यार्थी, रत्नागिरी

उत्तर : हात बसवायला चालतं. फोटोवाल्याला न विचारता प्रदर्शनात लावायला नाही. आणि अरे, रत्नागिरीत राहून मिरकरवाडा बंदराचा फोटो इन्स्टावर बघून काढायचा?

प्रश्न : मला कातळशिल्पांवरून एक चित्रमालिका करायची आहे. बघायला कुठे आणि कधी जावं? रेषा नीट दिसाव्यात म्हणून खडूने भरून घेतल्या तर चालतील का, नंतर पावसात धुऊन जातीलच.
– एक वाचक, राजापूर

उत्तर : खडू नाही, रंग नाही, पाणी ओतणं नाही, कागद ठेवून घासून ठसा काढणंही नाही. जांभा मऊ असतो, कडा झिजलेल्याच आहेत, आपण त्यात भर घालायची नाही. ही शिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेलीत पण त्याआधी हजारो वर्षं ती सड्यावर (कातळाच्या माळावर) उघडीच होती.

रेषा नीट दिसायला खडूची गरज नसते, वेळ साधायची असते. सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर तिरका प्रकाश पडला की खाचेत सावली भरते आणि आकृती आपोआप उठून दिसते, दुपारी बारा वाजता तिथेच उभं राहिलात तर नुसता कातळ दिसेल. तुम्ही राजापूरचे म्हणजे बारसू, देवाचे गोठणे, देवीहसोळ घरचीच, कशेळीही जवळ. कशेळीचा हत्ती बघाच, बाह्यरेषा इतकी मोठी की शेजारी उभं राहून एका नजरेत मावत नाही, आणि त्याच्या पोटात बाकीचे प्राणी कोरलेत. त्याच्याभोवती फिरत फिरत, दर दहा पावलांवर थांबून, जेवढं दिसतं तेवढंच काढा आणि ते तुकडे घरी येऊन जुळवा. जुळणार नाहीत, कुठेतरी पाय लांब होईल, सोंड तुटेल, ती तशीच ठेवा, कारण वरून काढलेला ड्रोनचा फोटो सगळ्यांकडे आहे आणि तुमच्या मालिकेला तो नको आहे.

पाऊस पूर्ण थांबल्यावर जा, आत्ता शेवाळं आहे, पाय घसरतो आणि खाचांत पाणी साठलेलं असतं. बऱ्याच जागा खाजगी जमिनीत आहेत, गावात आधी विचारा आणि वाडीतल्या कुणाला तरी बरोबर घ्या, नाहीतर सड्यावर अर्धा दिवस नुसते फिरत राहाल. चपला शिल्पाच्या बाहेर काढायच्या. टोपी आणि भरपूर पाणी न्या, तिथे सावलीला झाड शोधून सापडत नाही.